बिल्ला नंबर सत्तेचाळीस

१

सकाळी नऊ वाजता मी मागची खोली उघडतो. ही खोली खरं तर उमेशची, आमच्या मुलाची. तो हिंजवडीला नोकरीला लागला, तिकडेच राहायला गेला, आणि त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर वस्तू घट्ट धरायचा माझा व्हाइस बसला. तेव्हापासून सुषमा त्या खोलीला कारखाना म्हणते. माझी बायको सहसा चेष्टा करत नाही, पण एकदा केली की मग वर्षानुवर्षं तीच चालवते.

लोणावळ्यात बंगले पुष्कळ, आणि बंगल्यांत बंद पडलेल्या वस्तू त्याहून पुष्कळ. लंबकाची घड्याळं, पितळी स्टोव्ह, किल्लीची खेळणी, सगळं फिरत फिरत माझ्याकडे येतं. आयुष्यभर फिटर होतो. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी हातांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही. खोलीच्या किल्लीला माझ्या पहिल्या नोकरीतला बिल्ला अडकवलेला असायचा. पितळी, गोल, वर ४७ हा आकडा ठोकलेला. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, जुनी आठवण आहे.

ऑगस्ट होता. दहा दिवस धुकं खिडकीवरून हललं नव्हतं. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते आणि घासलेलं पितळ दोन दिवसांत काळवंडत होतं. अशा एका सोमवारी एक पस्तिशीची बाई छत्री मिटत दारात उभी राहिली.

"काका, ओळखलं नसेल तुम्ही. मी तमन्ना. वराळ्याच्या दस्तगीरची मुलगी."

ओळखलं नव्हतं, पण नाव ऐकल्यावर डोळे ओळखले. दस्तगीर माझ्याबरोबर त्या पहिल्या नोकरीत होता. मार्चमध्ये तो गेला. मयतीला मी गेलो नाही. त्या दिवशी मी तळेगावातच होतो, काम काही नव्हतं, आणि तिथून वराळे लांब नाही.

तिने पिशवीतून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

"अब्बांनी स्वतः बनवलेलं वाफेचं इंजिन आहे. खेळण्यातलं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून पेटीत पडून होतं, सहा वर्षं. मी तिथल्याच शाळेत शिकवते. पुढच्या शनिवारी मुलांना चालवून दाखवायचंय."

"किती पोरं?"

"चौथीची बत्तीस. सगळी अगदी नाक लावून बघणार." ती हसली. "अब्बा म्हणायचे, याला हात लावू द्यायचा तर फक्त अंबाजीला."

अंबाजी म्हणजे मी. मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी घेऊन जा.

२

ती गेल्यावर चादर सोडली. एक वीतभर उंच, उभा पितळी बॉयलर. खाली स्पिरिटचा दिवा, शेजारी सिलिंडर, त्याला जोडलेलं चाक. स्टोव्हची टाकी, सायकलचे आरे, गिरणीतली कसली तरी नळी, असं जमवून केलेलं. सगळं हिरवं पडलेलं, दट्ट्या अडकलेला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, काय सुरेख खेळणं आहे.

मला ते खेळणं वाटलं नाही. तो आमच्या कारखान्यातला बॉयलर होता. सूत रंगवायचा कारखाना, वराळ्याच्या अलीकडे. आता तिथे सातमजली इमारती आहेत. भट्टीच्या दाराची बिजागरी उजव्या अंगाला, धुराड्याच्या टोपीला एका बाजूने पोचा, सगळं तसंच. वर तसाच सेफ्टी वॉल्व्हचा आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन. वाफ जास्त झाली की दांडा उचलला जातो आणि वाफ बाहेर पडते. तो उचलला गेला नाही तर वाफ दुसरीकडून वाट काढते.

मी कामाला लागलो. एकेक भाग सुटा केला, चिंचेच्या पाण्यात उकळला, ब्रशने घासला.

"सगळी चिंच संपवा तुमी," सुषमा म्हणाली. "उद्या आमटीत पितळच घालते."

चार दिवसांत इंजिन जुळलं. शनिवारी पाण्याची चाचणी घेतली. बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरायचा आणि हातपंपाने दाब द्यायचा, नेहमीच्या दीडपट. एवढ्या दाबाला सेफ्टी उघडेल, म्हणून चाचणीपुरता तिचा दांडा तारेने बांधून टाकायचा. कारखान्यात याची एक रीत होती. जो सेफ्टी बांधेल त्याने आपला बिल्ला त्या तारेत अडकवायचा. बिल्ला लटकतोय तोवर कुणी आग पेटवायची नाही, आणि तार सोडायची ती ज्याचा बिल्ला त्यानेच. साहेबांचा हुकूम चुकला तरी चालायचा, ही रीत चुकायची नाही.

खेळण्याला कोण बिल्ला लावतो. मी पांढऱ्या जस्ती तारेने दांडा बांधला, दाब दिला, कुठे थेंब नाही. मग तार सोडली, तुकडा कचऱ्यात टाकला, खोलीला कुलूप लावलं.

३

रविवारी सकाळी कुलूप काढलं तेव्हा दांडा बांधलेला होता.

मी बराच वेळ उभा राहून बघितलं. मग स्वतःला हसलो. त्रेसष्ट वय म्हणजे काही कमी नाही. तार सोडली असं वाटलं, सोडली नसेल. चष्मा डोळ्यावर असताना घरभर शोधणारा माणूस मी.

पण कचऱ्याच्या डब्यात पांढऱ्या तारेचा तुकडा होता. दांड्यावरची तार काळी होती. मऊ, भाजलेली काळी तार, पूर्वी गठ्ठे बांधायला यायची तसली. माझ्याकडे तसली तार नाही असं मी म्हणणार होतो, पण माझ्या खोलीत बावीस डबे आहेत आणि त्यांत काय काय आहे हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तारेला दिलेला पीळ डाव्या अंगाने होता. मी डावखुरा आहे. माझ्या हातची गाठ शंभर गाठींत ओळखू येते. म्हणजे मीच बांधली. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं.

पक्कड घेतली आणि तार तोडली.

४

सोमवारी दांडा पुन्हा बांधलेला. मी तार तोडली आणि या वेळी सुषमाला हाक मारली.

"हे बघ. दांडा मोकळा आहे का?"

तिने बोटाने दांडा वरखाली केला. "मोकळा हाय. का हो?"

"लक्षात ठेव, एवढंच."

आम्ही जेवायला बसलो. स्वयंपाकघरातून मागच्या खोलीचं दार समोर दिसतं, आणि मी मुद्दाम त्या बाजूला तोंड करून बसलो होतो. कुणी आत गेलं नाही. मी भात कालवत असताना आतून आवाज आला. पितळेवर लाकूड आपटल्याचा. टक, टक. दोनदाच.

सुषमाने वर पाहिलं नाही. ती ताकात मीठ घालत होती.

हातातला घास ताटात राहिला. तो आवाज मी अडतीस वर्षांनी ऐकला. आमच्या बॉयलरला लाकूड घालायला नथू आबा होता. वरच्या वाडीतला, पन्नाशीचा, वाळका माणूस. प्रत्येक पाळीला पहिली आग घालण्याआधी तो भट्टीच्या दारावर ओंडका दोनदा आपटायचा आणि थांबायचा. मी एकदा विचारलं होतं, कशाला रे आबा?

"आत पाल आसती, विंचू आसतो, उंदराची पिल्लं आसत्यात," तो म्हणाला होता. "जीव हाय त्यांना. पाच मोजस्तवर थांबायचं. ज्याला निगायचंय त्यो निगंल."

जेवण झाल्यावर मी खोलीत गेलो. दांडा काळ्या तारेने बांधलेला. बॉयलरला हात लावला तर कोमट लागला. दिव्यात स्पिरिट नव्हतं. मी ते अजून आणलंच नव्हतं. आणि खोलीत ओल्या, नुकत्याच रंगवलेल्या सुताचा वास होता. तो आंबट वास ती नोकरी सोडल्यावरही वर्षभर माझ्या सदऱ्यांतून गेला नव्हता.

"सुषमा, दांडा मोकळा होता ना?"

ती पदराला हात पुसत आली, दांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमीच बांदला आसंल," ती हळूच म्हणाली. "उमेशला बोलवून घेऊ का? एकदा डाक्टरला दाखवू."

५

आता ते सांगायला हवं.

मी पंचवीस वर्षांचा होतो. गुरुवार होता. दुपारी बॉयलरची पाण्याची चाचणी. मी सेफ्टी बांधली, बिल्ला तारेत अडकवला, दाब दिला. फोरमन म्हणाला, तासभर दाब धरून ठेव, मग सोड. त्याच दिवशी चार वाजता मला शिरगावला मुलगी बघायला जायचं होतं. इस्त्रीचा सदरा पिशवीत होता. अडीच वाजले तरी तास पुरा होईना. बिल्ला गेटवर जमा केल्याशिवाय बाहेर सोडत नसत. तार सोडली तर दाब उतरला असता, म्हणून मी तारेतून फक्त बिल्ला काढला, तार तशीच ठेवली आणि निघालो. आगीला अजून वेळ आहे, तोवर कुणीतरी सोडेल.

रस्त्यात दस्तगीर भेटला. दुसऱ्या पाळीला बॉयलरवर तोच असायचा. तो सायकलवरून कारखान्याकडे, मी सायकलवरून उलट. त्याने हात वर केला. मी घंटी वाजवली.

लोकांना वाटेल मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो. त्याला थांबवून सांगितलं असतं की तार सोडायची राहिली आहे, तर बिल्ला आधी काढला हे कळलं असतं, आणि तेवढ्यासाठी मला तीन दिवस बिनपगारी घरी बसवलं असतं. लग्न ठरायच्या दिवशी ते नको होतं. मनात म्हटलं, दस्तगीर हाताने दांडा उचलून बघतोच. एरवी बघायचाही. पण बिल्ला नाही म्हणजे काम पुरं, मग बघायचं कशाला, हीच तर ती रीत.

साडेपाचला खालच्या झाकणाचं पॅकिंग फुटलं आणि वाफ तिथून बाहेर आली. नथू आबा समोर उकिडवा बसून लाकडं सारत होता. तो सकाळपर्यंत जिवंत होता. त्याला बघून आलेल्यांनी पुन्हा त्याबद्दल बोलायचं नाही असं आपसांत न बोलता ठरवलं होतं. मी बघायला गेलो नाही.

चौकशीत मला विचारलं, तार सोडली होती का? मी म्हणालो, सोडली होती, बिल्ला गेटवर आहे. पुढे कुणी विचारलंच नाही. वॉल्व्ह गळत असला की पाळीवरचा माणूस कधीतरी सेफ्टी बांधतो, आणि आदल्या वर्षी दस्तगीरने एकदा बांधलेलीही होती. त्याचं बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट गेलं, नोकरीही गेली. तीन महिन्यांनी मी मोठा फिटर झालो.

शिरगावची मुलगी म्हणजे सुषमा.

६

मंगळवारी मी सेफ्टीचा दांडाच काढून खिशात घातला. आता बांधणार काय? खूश होऊन दुपारी आडवा झालो. उठलो तेव्हा खिसा रिकामा होता. दांडा त्याच्या जागी होता, बांधलेला, आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांना काळं लागलं होतं. तारेचं काळं असतं तसलं. मी मोरीत जाऊन साबणाने हात घासले. म्हणजे मीच. झोपेत उठतो, बांधतो, परत येऊन झोपतो. त्या विचाराला मी दोन तास धरून बसलो. पण झोपेत चालणारा माणूस बिनस्पिरिटचा बॉयलर तापवत नाही.

बुधवारी बॉयलर इतका तापला की त्यावर हात ठेववत नव्हता. टकटक दिवसातून चार-पाच वेळा येऊ लागली. सुषमा एकदाही वळून बघत नव्हती.

मी तमन्नाला फोन लावला. म्हणालो, इंजिन काही दुरुस्त होत नाही. बॉयलर आतून कुजलाय. शाळेत नेऊ नकोस.

"असं कसं काका? अब्बांनी सहा वर्षांपूर्वीपर्यंत चालवलंय." ती जरा हिरमुसली. "बरं, राहू द्या. आमच्या शाळेतले एक सर आहेत, ते बघतील. शनिवारी काहीतरी करून चालवूच. मुलांना सांगून बसलेय मी."

चौथीची बत्तीस, अगदी नाक लावून.

मग मी हातोडी घेतली. एक घाव घातला असता तर प्रश्न मिटला असता. हातोडी उचलली आणि धुराड्याच्या टोपीवरचा पोचा दिसला. दस्तगीरने तो किती जपून ठोकला असेल, खरा होता तसाच दिसावा म्हणून. कामावरून काढलेल्या माणसाने मागे ठेवलेली ही एवढी एकच वस्तू. तीही मीच मोडायची. मला स्वतःची किळस आली आणि मी हातोडी खाली ठेवली.

७

गुरुवारी ती यायच्या आधी मी तार तोडली. काळे तुकडे एका वाटीत साठवत होतो. तो सातवा.

तमन्ना अकराला आली. चकचकीत इंजिन बघून तिने दोन्ही हात गालांना लावले. "आणि म्हणे कुजलंय. काका, तुम्ही पण."

"चालवू नको, तमन्ना. भरवसा न्हाई त्याचा."

"एकदा बघू तर द्या. मला येतं. लहानपणी मीच पेटवायचे." तिने पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि काडेपेटी काढली, बॉयलरमध्ये पाणी घातलं, दिवा भरला, पेटवला, आणि कोपरं टेबलावर टेकवून खुर्चीत बसली. तिचं तोंड बॉयलरपासून वीतभर अंतरावर.

त्या वेळी मी तिला उठवायला हवं होतं. मी दांड्याकडे बघितलं. मोकळा होता. म्हटलं, नजर हलवायची नाही. मी समोर बसलो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बघत राहिलो. मी बघतोय तोवर कोण बांधणार?

पाणी आत गुणगुणायला लागलं. दाब दाखवणाऱ्या लहानशा गेजचा काटा हलला. चाक एकदा अडखळलं आणि फिरायला लागलं. तमन्ना लहान पोरीसारखी हसली. खोलीत ओल्या सुताचा वास आला. तिला येत होता की नाही, माहीत नाही.

काटा लाल खुणेपाशी आला. आता दांडा आपोआप उचलला जायला हवा होता. उचलला गेला नाही.

मी बॉयलरच्या पितळेत बघितलं. मीच घासून आरसा केलेलं पितळ. त्यात वाकडीतिकडी खोली दिसत होती, तमन्नाचं कपाळ दिसत होतं, गुडघ्यांवर ठेवलेले माझे हात दिसत होते. आणि दांड्यापाशी आणखी दोन हात होते. माझ्या मागून, माझ्या दोन्ही खांद्यांवरून पुढे आलेले. शिजलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी, सुटी झालेली कातडी. ते हात घाई न करता तार पिळत होते. डाव्या अंगाने, शिकवल्यासारखे.

खांद्यांना काही लागत नव्हतं. मी मान वळवली नाही.

टक, टक.

"काका," तमन्ना आणखी पुढे वाकून म्हणाली, "ही तार कशाला बांधलीय?"

मी पेटता दिवा हाताने खेचला आणि फरशीवर फेकला. डावा तळवा भाजला. तिला खुर्चीसकट मागे ढकललं. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिली. काटा बराच वेळ तिथेच थरथरला आणि मग खाली येऊ लागला.

"मी बांधली," मी म्हणालो.

"असू द्या. इतकं काय त्यात? सोडू या की."

"ही न्हाई. ती. अडतीस वर्षांपूर्वीची. तुझ्या बापानं न्हाई बांधली. मी बांधली, बिल्ला काढून घेतला, आन् त्याला रस्त्यात भेटून पन बोललो न्हाई."

एकदा सुरुवात झाल्यावर सगळं सांगितलं. इस्त्रीचा सदरा, घंटी, चौकशी, सगळं.

८

ती रडेल किंवा शिव्या देईल असं मला वाटत होतं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"अब्बा दर शुक्रवारी नमाजाहून आले की हे पेटवायचे," ती म्हणाली. "मी खेळ समजायचे. ते काही खेळायचे नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर बसायचे, तुम्ही आत्ता बसला होता ना, तसे. एकदा विचारलं, काय बघता? तर म्हणाले, 'माजा हात त्या दांड्याकडं कवा जातो त्ये बघतोय. मला बांदल्याचं आठवत न्हाई. पन अंबाजी खोटं कशापायी बोलंल?'"

खोलीत जळक्या स्पिरिटचा वास होता.

"अम्मीनं त्यांना कधी गॅसजवळ जाऊ दिलं नाही. चहासुद्धा करू द्यायची नाही. ते पण ऐकायचे. स्वतःच्याच हातांना घाबरून राहिले, काका. मरेपर्यंत."

किल्ली टेबलावर पडली होती. तिने बिल्ला पालथा करून बघितला, आकडा वाचला.

"हाच का तो?"

"व्हय."

"हा मी नेते. आधी अब्बांच्या कबरीवर जाते, मग नथू आबांची वाडी शोधते. तिथं कुणी असेल तर सांगते." तिने बिल्ला कडीतून काढून मुठीत घेतला. "इंजिन इथंच राहू द्या. तुम्ही चालवत जा."

ती गेली. छत्री विसरली होती, पण तिच्यामागे जायचं धाडस झालं नाही.

सुषमा खोलीच्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने भाजलेला तळवा बघितला, आतून तूप आणून लावलं, फडकं बांधलं.

"त्या दिशी तुमी घामाघूम येऊन बसला होता आमच्या वसरीवर," ती गाठ मारता मारता म्हणाली. "सायकल जोरात मारली म्हनला होता. मला वाटलं, माज्यासाटी किती घाई केली. अजून कवा कवा आठवून हसायची मी."

संध्याकाळच्या आत तिने पिशवी भरली. भावाकडे शिरगावला जाऊन येते म्हणाली. कधी येणार ते मी विचारलं नाही.

आज शुक्रवार. मी नऊला मागची खोली उघडली. किल्ली हाताला हलकी लागली. दांड्यावर काळी तार आहे, तिच्यात बिल्ला नाही. सकाळपासून मी दोनदा पक्कड उचलली आणि ठेवली. खोलीचं दार आतून लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. मी हात मांडीवर ठेवून बसलो आहे. इंजिन गार आहे. त्यातून आज एकदाही आवाज आलेला नाही.

आत्ता आला तो दाराबाहेरून. खालच्या अंगाला, उकिडवा बसलेल्या माणसाचा हात पोचतो तिथे. लाकडावर लाकूड, दोनदा. मग शांत.

घरात मी एकटाच आहे. उठून जाता येईल, दार मोकळं आहे. मी मनात मोजतोय. तीनपर्यंत आलो आहे.